खडूची फुली

ढोल नाहीच. हे आधी समजून घ्या.
ना लाकडाचं खोड, ना बकऱ्याचं कातडं,
ना मधोमध लावलेली शाई.
नेस्तानच्या लॅपटॉपवर एक सपाट रेघ होती.
ती तिनं वाकवली, तिची लाट झाली.
मग लाटेला उंचावरून ढकललं,
दोनशेवरून पन्नासवर, पापणी मिटायच्या आत,
आणि पडता पडता लाट म्हणाली, धप्प.
पडण्याच्या आवाजालाच ती ठोका म्हणते.

तिबिलिसी, ग्लदानी वस्ती, सातवा मजला.
लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं अशी इमारत.
रात्रीचा दीड. हेडफोनचा डावा कान मेलेला,
म्हणून स्पीकर, अगदी बारीक.
ठोका जमला होता, लोखंड जमत नव्हतं.
सहा लाटा घेतल्या, एकीचं दुसरीशी पटू नये अशा
(पटलं की चर्चची घंटा होते, आणि घंटा तिला नको होती).
वर मूठभर खरखर, चाळून घेतलेली.
टण्.
नाही. पुन्हा.
टण्.

तेव्हा खालून, रेडिएटरच्या नळीतून, उत्तर आलं.
टण्.

तिनं आवाज बंद केला. झालं, शेजारी चिडले.
पाच मजले पायी चढून शाल्वा काका दारात उभे,
पायात सपाता, पायजम्यावर कोट,
हातात लांब दांड्याची हातोडी.
ती माफी मागणार, तोच म्हणाले,
"ते परत वाजव."

वाजवलं.
"तडा गेलाय त्याला."
"काका, ते लोखंड नाहीच. आकडे आहेत नुसते."
"मग तडा कुठून आला?"

एकतीस वर्षं खाशुरीच्या यार्डात
गाडी थांबली की हे वाकायचे.
चाकाला एक टोला, कान पुढे, दुसरं चाक.
रात्रीला चारशे चाकं.
खणखणीत बोललं तर जाऊ दे.
बद्द बोललं तर खडूची फुली, आणि डबा बाजूला.
"थंडीत लोखंड खोटं बोलतं," म्हणाले,
"तेव्हा दोनदा विचारायचं."
त्यांचा मेहुणा दारूचे रांजण असेच टिचकी मारून घेतो,
पण रांजण फुटला तर दारूच सांडते.

नेस्ताननं लाटा एकेक उघडून पाहिल्या.
चौथी. शेपूट विरायच्या आधीच तोडलेलं,
केसाएवढं. डोळ्यालाही नीट दिसेना.
दुरुस्त केलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं.
"आता सोडा गाडी."

खरंच, ठणठणीत होतं.
आलं आणि गेलं, मागे काही ठेवलं नाही.
तिनं दोन्ही एकापुढे एक लावून पाहिले.
चांगला. तडकलेला. चांगला. तडकलेला.
तडकलेल्याशी कान अडखळायचा,
आणि अडखळला की पुढच्या ठोक्याची वाट बघायचा.
तिनं चांगला पुसून टाकला.

काका बराच वेळ गप्प.
"माणसं बसतात त्यात," एवढंच म्हणाले.
"बसत नाहीत, काका. नाचतात."
त्यावर त्यांना काही सुचलं नसावं.
कोटाच्या खिशात बोटं गेली, बोराएवढा खडू निघाला.
लॅपटॉपच्या झाकणावर, कोपऱ्यात, त्यांनी फुली मारली.
"ठेवायचा तर ठेव. पण माहीत असू दे."
खडू टेबलावरच राहिला, चहाच्या कपाशेजारी.

उतरायला लिफ्टला नाणं लागत नाही,
तरी ते जिन्यानं गेले.
दार उघडंच होतं, तिला ऐकू येत होतं,
मजल्यामजल्याच्या कठड्याला एकेक टोला.
सातवा. सहावा. पाचवा.
चौथ्यावर आवाज बद्द आला,
आणि पावलं थांबली.