नव्वद दिवसांनंतर

जूनमध्ये बाहेर पंचेचाळीस अंश
आणि आत करवतीलाही तोच अंश लावलेला.
हा विनोद मी मोतालेबला पहिल्याच वर्षी सांगितला.
तो हसला नाही.
नोआखालीत म्हणे काटकोन
चेष्टेचा विषय नसतो.

रुवीत, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत,
शिंप्याचं दुकान आणि चहावाला यांच्यामध्ये
माझं नऊ फुटांचं दुकान.
भिंतीवर नमुन्याचे कोपरे, दोनशे चौदा.
प्रत्येक चौकटीचा एकच;
बाकीचे तीन गिऱ्हाइकाने मनात धरायचे.
मॉलमध्ये तयार चौकट दीड रियालला मिळते,
आत हसणारं परकं कुटुंब फुकट.

तरी लोक येतात.
मारिव्हिकने नर्सिंगचा दाखला आणला:
सोनेरी नको, सोनेरी दिसलं की
आई विचारते, पगार वाढला का.
एकाने अकराव्या खेपेला मिळालेल्या
ड्रायव्हिंग लायसन्सची रंगीत झेरॉक्स.
म्हाताऱ्या खल्फानने वडिलांच्या गलबताचा फोटो,
शिडाला कसरीने पाडलेलं भोक.
बुजवू का, विचारलं तर म्हणाला,
राहू दे, वारा कुठून तरी यायला हवा.

काम सांगण्यासारखं नाही.
पातं तिरकं धरून माउंट एका दमात कापायचा,
मध्ये थांबलात की कागदाला कळतं.
काच पुसायची, बसवायची, मागून खिळे मारायचे,
आणि चौकट उलटली की दिसतो
आत राहिलेला एक कण:
सगळं वाळवंट बाहेर ठेवून
नेमका हा आत घेतलेला.
पुन्हा खिळे काढा.

कागद चारी बाजूंनी चिकटवायचा नाही,
हे सावंतवाडीच्या जयराम मेस्त्रींनी शिकवलं.
वर दोन पट्ट्या, बस.
खाली त्याला लोंबू दे.
दमट हवेत तो वाढतो, एसीत आकसतो;
चहूकडून धरलास तर
सुरकुत्या त्याला पडतील
आणि नाव तुझं जाईल.

मागच्या फळीवर
न्यायला कोणी न आलेल्या चौकटी.
कुणाचा व्हिसा संपला, कुणाची कंपनी बुडाली,
एक जण तर रोज समोरून जातो
आणि मान वळवून शिंप्याकडे बघतो,
तीन रियाल द्यायचे आहेत त्याला.
पावतीवर स्वच्छ छापलंय,
नव्वद दिवसांनंतर दुकान जबाबदार नाही.

त्यातच यल्लय्याचं घर आहे.
सिमेंटच्या गोणीच्या कागदावर
बॉलपेनने काढलेलं:
दोन खोल्या, बोअरवेल, खाली लांबच लांब पडवी.
स्वयंपाकघराची खिडकी आधी पूर्वेला,
मग खोडून उत्तरेला, मग पुन्हा पूर्वेला.
पक्की फ्रेम कर उस्ताद, म्हणाला,
बायकोला पाठवतो, ती ठरवेल.
बीडिंग त्यानेच निवडलं, सागवानी, महागातलं.
अर्धे पैसे मोजून दिले.

सात वर्षं झाली. फोन लागत नाही.
त्याच्या जगतियालकडचा एक प्लंबर भेटला.
घर झालंय, म्हणाला, मी पाहिलंय.
आणि खिडकी?
खिडकी काही लक्षात नाही.

काल फळी पुसताना ती फ्रेम उतरवली.
कागद वाढला होता.
पडवीची खालची रेघ
माउंटखाली गेलेली.
मोतालेब म्हणाला, कापू का थोडा?
असं म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला.

मी पट्टी लावली. तीन मिलिमीटर.
खिळे काढले, नवा माउंट कापला,
तेवढाच मोठा, एका दमात.
काच लावली. कण नव्हता,
किंवा चष्मा बदलायला झालाय.
जुन्या पावतीच्या मागे
आज केलेलं काम लिहिलं,
रकमेच्या जागी काही लिहिलं नाही,
कारणाच्या जागी लिहिलं:
पडवीसाठी.