चव्वेचाळीस सतरा

बीडच्या रक्तपेढीत रात्री तीन फ्रीज, पिसोरेबाई आणि मी.
फ्रीज दर पाच मिनिटांनी आकडा सांगतात:
चार. चार. साडेचार.
आकडे लातूरला जातात,
उघड्या रस्त्यानं नाही, बोगद्यातनं,
खजाना विहिरीत पाणी येतं तसे.
काठावरच्याला कळतच नाही कुठून आलं.

स्क्रिप्ट मुदस्सिरची.
ओळीच्या शेवटी एक ॲम्परसँड,
की बोगदा पडद्याआड चालत राहतो
आणि पुढची ओळ मोकळी.
त्याचा नंबर कुठं लिहून ठेवायचा, ते राहिलं.
मग मुदस्सिर औरंगाबादला गेला.

आज एक वाजल्यापासून आकडे इथंच तुंबलेत.
पोर्ट म्हणतं, जागा भरलीय.
कोण बसलंय?
शोधलं तर चव्वेचाळीस सतरा,
अकरा दिवसांपासून चालू,
पलीकडं कुणी नाही, तरी दार धरून.
बाप कोण, तर एक.
ज्यांचे आईबाप संपले
त्या सगळ्या प्रोसेस एक नंबर पोटाशी घेतो,
दाखला मागत नाही.

"पोरगं बाहेर धाडताना
नाव-गाव तरी लिहून ठेवावं का नाही माणसानं,"
पिसोरेबाई पिशव्यांवर तारखा टाकत म्हणाल्या.

नऊ नंबर मारला असता
तर शेवटचा शब्दही न बोलता गेली असती.
मी पंधरा मारला: आवर आता.
चार सेकंद काहीच नाही.
मग यादीतली ती ओळ नव्हती.

बाकीची रात्र लिहिण्यात गेली.
बोगदा सोडला की लगेच त्याचा नंबर खिशात.
उघडला का, हात घालून बघ,
मुदस्सिरसारखं सात सेकंद झोपून
उघडला असेल असं धरून चालू नको.
आणि एक ट्रॅप:
मी कशीही संपले, मधेच कुणी थांबवलं,
तरी जाताना त्याला घेऊन जा.
लाईट गेली तर मात्र नाही.
लाईटीपुढं कुणाचं चालतंय बीडात.

चार वाजून दहा मिनिटं. लातूरहून शून्य आलं.
"शून्य? आन् हसायलीस काय?"
आमच्यात शून्य म्हणजे सगळं ठीक, बाई.

वरती, पाउंडच्या खुणेमागं, त्याची एक ओळ होती:
उद्या नीट करतो.
मशीन ती वाचत नाही.
मी काढली नाही.