रकाना क्रमांक सात

मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्यात
फाटकातून आत आलं की उजव्या हाताला एक बोर्ड आहे:
अपघाताविना गेलेले दिवस.
टाइम ऑफिस उघडण्याआधी
मीच कालचा आकडा पुसतो
आणि खडूने एक वाढवून लिहितो.

यंदा एचआरने नवा पुरस्कार काढलाय,
सहकाऱ्यांच्या मनाची काळजी घेणाऱ्यासाठी.
शाल, श्रीफळ, चेअरमनबरोबर फोटो.
शिफारस तुम्ही लिहा, म्हणाले,
तुमचं अक्षर बरं आहे, खानविलकर.

नाव: मधुकर शिर्के. खातं: वाइंडिंग.
नोकरीची वर्षं: सत्तावीस.
इथवर सोपं होतं.

रकाना सहा. केलेल्या कार्याचे स्वरूप.
काय लिहू?
की हा माणूस जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन हिंडतो,
जो कोपऱ्यात एकटा बसलाय त्याच्यासमोर बसतो
आणि बराच वेळ नुसता भेंडीविषयी बोलतो?
की टेस्टिंगमधला धवल गप्प गप्प झाला,
हेल्मेट, घड्याळ, क्रिकेटची बॅट वाटून टाकू लागला,
तेव्हा ह्याने सरळ विचारलं,
"जीव नकोसा झालाय का रे?"
आम्ही जागच्या जागी गार.
असं कुणी विचारतं का?
धवल मात्र तिथंच, कॉइलच्या ढिगाऱ्याशेजारी,
खूप दिवस कोंडलेलं काहीतरी सुटावं तसा रडला.

त्या संध्याकाळी कंपनीची बस सुटलीच नाही वेळेवर.
रफीकभाईंनी इंजिन बंद केलं,
हॉर्नवर हात ठेवला नाही.
बत्तीस माणसं खिडकीतून बाहेर बघत बसली,
फाल्गुनीच्या मुलाची शिकवणी बुडाली,
कुणी चकार शब्द काढला नाही.
शिर्के त्याला घेऊन डॉक्टरकडे गेले.
दुसऱ्या दिवशीचा रजेचा अर्ज माझ्याकडे आहे.
कारण: मित्राबरोबर बसायचंय.

आणि कोकिलाबेन?
कॅन्टीनच्या खिडकीतून हळूच सांगतात,
"दवेभाईए बे दिवसथी चा नथी पीधी."
मी हजेरी बघतो, शिर्क्यांना फोन लावतो.
एवढंच. ह्याला कार्य म्हणायचं का?

जिग्नेशचं कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
आठ वर्षं झाली.
शिर्क्यांच्याच टेबलावर होता, शेजारच्या स्टुलावर.
जे झालं ते फाटकाबाहेर झालं,
म्हणून अपघातात धरलं नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी
मी खडू घेतला आणि आकडा एकने वाढवला.

तेव्हापासून शिर्के डबा घेऊन हिंडतात.

त्यांना विचारायला गेलो, तर म्हणाले,
"लिही की, पोरांना सेव-उसळ खायला नेतो म्हणून.
आणि माझं एकट्याचं नाव नको.
रफीकची बस घाल. ती चहाची खिडकी घाल."
फॉर्मवर नावाला एकच ओळ आहे.
मी ती तीन नावांनी भरली, अक्षर बारीक करून.

रकाना सात. किती जणांना लाभ झाला?
आकड्यात लिहा. पुरावा जोडा.

जे घडलंच नाही त्याची पावती कोण देतं?
घरी पोचलेल्या माणसाचा पंचनामा होत नाही.
धवलचं नाव लिहिणार नाही, ते त्याचं त्याच्यापाशी.
बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत बसलो.
मग कपाटातून एक कागद काढला,
झेरॉक्स केली आणि टाचली:
माझंच हजेरीपत्रक, मागच्या तीन वर्षांचं.

एका फेब्रुवारीत अकरा दिवस कोरे आहेत.
बाराव्या दिवशी आठ वाजून दोन मिनिटं.
त्या दिवशी शिर्के फाटकाशी उभे होते,
डबा हातात, काही न बोलता.
मग आठ वाजून चार. सात एकोणसाठ. आठ वाजून एक.
असं खालपर्यंत.

टाचणी जरा बोटाला लागली.
एचआरवाले विचारतील, हे काय जोडलंय.
विचारू देत.
खडू घेऊन बोर्डाकडे गेलो.