खडूचा आराखडा

गॅरेजच्या फरशीवर इद्वाल खडूने टेबल आखतो.
आधी खिडकीखाली. मग नको, दाराशी,
आठ फुटी फळी फिरायला हवी.
पटाशा डाव्या भिंतीला, न बघता हात जाईल अशा.
खिळे जॅमच्या बरण्यांत,
झाकणं फळीला खालून ठोकलेली:
पिळलं की बरणी हातात.

"आणि हा पंखा, एवढ्या नळ्या, पिशव्या?
करवतीपेक्षा महाग पडतंय हे."
नेरिस हिशेब मांडते.

वेल्सच्या डोंगरात
पाटीच्या खाणीत बत्तीस वर्षं.
त्याआधी बापाचा खोकला,
भिंतीपलीकडून, रात्रभर.

तो जिन्यावर टेकतो. दम जुळवतो.
"टेबल कुठेही मावेल गं.
आधी धुळीची जागा ठरू दे."

मग चुकलेली रेघ पुसायला
फडकं ओलं करून आणतो.
खडूसुद्धा तो कोरडा पुसत नाही.