शीड

दौलत वलथरेनं नाटक कंपनीचा जुना पडदा
सायकलवर आडवा घालून आणला
तेव्हा मी ब्लाउजांची काजं करत होतो.
"टेलरभाऊ, याचं शीड शिवून दे ना जी."
उलगडायला दुकान पुरेना. रस्त्यावर अंथरला:
राजवाडा. बारा खांब, तीन झुंबरं,
आणि उंदरानं कुरतडलेली राणीची खिडकी.

शीड म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं.
आमच्याकडे डोंगा बांबूनं रेटतात,
वाऱ्याला कोणी कामाला लावत नाही.
त्याच्या घरी खताच्या कंपनीचं कॅलेंडर,
फेब्रुवारीवर एक पांढरं जहाज.
फेब्रुवारी जाऊन चार वर्षं झाली,
पान कोणाला उलटू दिलं नाही.
त्यानं धुळीत काडीनं त्रिकोण काढला
आणि मुलगी पाहायला आलेला पोरगा
चहाच्या कपाकडे पाहतो
तसा त्याच्याकडे पाहत बसला.

दोन डोंगे, मध्ये चार हात अंतर,
वर फळ्या, फळ्यांवर चटईची खोली.
आतलं काम ग्यानीराम पेंटरचं,
जो एरवी नाटकांचे महाल रंगवतो.
जमिनीला काळे-पांढरे चौकोन.
छताला आभाळ
(खरं आभाळ चटईच्या पलीकडेच होतं).
भंगारातलं एसटीचं सीट, हिरवं रेक्झिन,
चौदा नंबर तसाच ठेवलेला.
चुन्याच्या डबीला खोबण, तंबाखूला वेगळी.
कंदिलासाठी पितळी मोर.
मासळीला जागा उरली नाही,
ती मागे, दोरीला बांधलेल्या टोपलीत.
कोणी आत वाकून पाहिलं की
"पाय धुवून ये अगुदर," म्हणायचा,
चहूकडे पाणी असताना.

"घरची भीत दोन सालापासून चुना मांगते,"
सुगंधा एवढंच म्हणाली.
मग एका संध्याकाळी मी पाहिली तिला
चौदा नंबरवर, पाय वर घेऊन,
लाखोळीची डाळ निवडत.
खडे पाण्यात टाकत होती, एकेक, आवाज ऐकत.

पैलतीरी गोपीचंद मांढरेचा जोडडोंगा.
शीड युरियाच्या पोत्यांचं, अक्षरं उलटी,
आत गुलाबी, जशी नवरीची खोली,
आणि चाळीस आरसे. मी मोजले.
बुडालेल्या चिंचेच्या शेंड्यापासून पंपहाऊसपर्यंत
दौलत अकरा मिनिटं वीस सेकंदांत गेला,
घड्याळ माझं, लग्नातलं.
मांढरे म्हणतो, तो अकरा-पंधरात.
त्याचं घड्याळ त्याच्या मेव्हण्याचं.
दोघे घाटावर चहा पितात
आणि मासे किती लागले हे कोणी विचारत नाही.

मंडईच्या आदल्या दिवशी मॅनेजर आला.
नवा पडदा वडशाहून निघालाच नव्हता.
"एका रात्रीपुरता राजवाडा दे."
दौलत तीनदा नाही म्हणाला.
चौथ्यांदा, माइकवर नाव घेणार असाल तर, म्हणाला.

तर त्या रात्री आमचा राजा
तिकोनी राजवाड्यात उभा राहिला.
खांब सातच उरलेले,
झुंबर माझ्या शिवणीनं मधोमध कापलेलं.
राणीनं पदर नाकाला लावला तो रडू आलं म्हणून
असं मागच्या बाकांना वाटलं.
पुढच्यांना वास येत होता.

दोन वाजता बांधाकडून वारा सुटला.
राजवाडा आधी थरथरला,
मग पोटात श्वास भरल्यासारखा फुगला.
राजा प्रधानाला काही विचारत होता,
कोणाचं लक्ष नव्हतं.
दौलत खुर्चीत डावीकडे कलला.
दोन रांगा सोडून मांढरेही, तितकाच.
दौलतच्या हातानं अंधारात चाचपत
मंडपाची दोरी धरली,
जराशी सैल सोडली,
पुन्हा ओढली.

मी शिवणीकडे पाहत होतो.
धरून होती.