खिळ्यांचं वजन

देगलूरच्या शाळेत, नववी ब च्या भिंतीवर
त्याचं चित्र मी लावलं नव्वद साली,
नांदेडहून आणलेल्या तक्त्यातून कापून.
पांढरे केस, बारीक ओठ, खाली माझ्या अक्षरात:
सगळी माणसं समान जन्मतात.
जेफरसन, अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष.
स्पेलिंग दोनदा तपासलं होतं.

तीस वर्षं ते वाक्य शिकवलं,
खडू मोडेस्तोवर अधोरेखित केलं.

मागल्या आषाढात अर्शिया उभी राहिली, हातात आईचा फोन.
सर, ह्याच्याकडं सहाशेच्या वर गुलाम होते म्हणं, आयुष्यभरात.
खिळ्यांचा कारखाना होता घरचाच,
आणि खिळे करायला आमच्याहून बारकी पोरं.
कुणी किती लोखंड वाया घालवलं
तेबी तोलून लिहून ठेवायचा.
मग सर, पाच मार्काला काय लिहायचं?
थोर म्हणू का नको?

घंटा झाली. मी घंटेचे उपकार मानले.

त्या रात्री मीही वाचत बसलो.
त्याची शेतीची वही. नावं, जन्मसाल,
कुणाला किती कापड,
घोंगडी तीन वर्षांतून एक.
सगळं कसं रांगेत, नीट.

तेव्हा आठवली रद्दीवाल्या गफारकडची वही,
राजेश्वररावांची, लाल कापडी बांधणीची,
किलोच्या भावानं घेतलेली, आठ रुपयांना.
पाडवा ते पाडवा. सालगडी मश्या.
ज्वारी इतकी, चपलेचा जोड एक, घोंगडी एक,
आजारी दिवस चार, वजा.
मश्या म्हणजे मसाजी. मसाजी म्हणजे माझा बा.

राजेश्वररावांचं नाव चौकातल्या खांबावर आहे.
खोटं नाही ते. निजामाच्या तुरुंगात
अकरा महिने काढले, पाठीवर वळ घेऊन आले.
त्या अकरा महिन्यांत त्यांची ऐंशी एकर
कुणी नांगरली, ते खांबावर नाही.
मुक्त झाल्यावरच्या पहिल्या पाडव्याला
बाची ज्वारी होती तितकीच राहिली.
ते पान मी दोनदा बघितलं, स्पेलिंग बघावं तसं.

हेही लिहायला पाहिजे:
माझं नाव शाळेत घालायला तेच आले होते.
मास्तर कांकू करायला लागला,
तर काठी आपटून म्हणाले, लेकरू आहे, बसू दे पुढं.
मी पुढं बसलो.
बा दाराबाहेर उभा होता, त्यांचे जोडे राखत.

म्हणतात, काळच तसा होता.
त्याच काळात ती खिळे करणारी पोरंही होती.
त्यांना विचारलं असतं
तर काळ वेगळा निघाला असता.

दुसऱ्या दिवशी शिपाई व्यंकटी शिडी घेऊन आला.
काढू का सर फोटो? हेडमास्तर म्हणले, वाद नको.
राहू दे, म्हणालो.
वाक्य त्यानं लिहिलं, त्याला ते पेललं नाही.
त्याला पेललं नाही म्हणून आपण टाकून द्यायचं का?
व्यंकटी म्हणाला, मला काय कळतंय त्यातलं,
शिडी ठेवू का नेऊ?

अर्शियाला सांगितलं, दोन्ही लिही,
आणि मधे 'पण' लिहू नको.
'पण' आला की त्याच्या अलीकडचं सगळं पुसलं जातं.
मग मधे काय लिहू, सर?
मी बराच वेळ फळा पुसत राहिलो.
वाक्य तोलता येत नाही. खिळे येतात.

सतरा सप्टेंबरला खांबापुढं रांग होती.
हात कपाळाशी गेला, सवयीनं, आणि मनापासूनही.
खिशात वहीचं ते पान होतं, चार घड्या घातलेलं.
घरी येऊन उघडलं तर घामानं शाई उतरलेली.
वाटलं होतं, मश्या तरी पुसलं जाईल.
ज्वारीचा आकडा गेलाय.
नाव तसंच आहे.