पाच मीटर

मी काच पुसते. राणीच्या बागेत, पेंग्विनच्या हॉलमध्ये,
लोकांच्या बाजूने.
पोरांची कपाळं, नाकं, वेफर्सची बोटं,
दर अर्ध्या तासाला.

परकारचाचा गुरुवारी येतात.
बुधवारी बाग बंद, शुक्रवारी त्यांची नमाज.
माझगावातून चालत.
सगळे काचेला चिकटतात, हे मागे
खांबाला पाठ लावून.
मी म्हटलं, चाचा, पुढं या की, जागा करून देते.
म्हणाले, नको. हितनंच.

तेवीस वर्षं बोटीवर. शेवटची सहा
बर्फाकडे जाणाऱ्या बोटीच्या लाँड्रीत,
पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही.
वर पाशिंजरं लाल जाकिटं घालून
बेटावर उतरायची, फोटो काढायची.
संध्याकाळी जाकिटं खाली यायची.
चाचांनी पेंग्विन आधी ओळखला तो वासानं:
भाऊच्या धक्क्यावर कुणी टोपली
चार दिवस उन्हात विसरावी, तसा.
खिशात कधी पीस, कधी खडा.
बेटाचं काही आणायचं नाही असा कायदा,
म्हणून खडे मोजून वर पाठवायचे.

एकदाच, सीझन संपताना,
खालच्या लोकांना अर्धा तास मिळाला.
चाचांनी घातलं ते जाकीट
त्यांनीच सकाळी वाळवलेलं, बाह्या लांब.
ऑफिसरनं दोरी धरून दाखवलं:
पाच मीटर. याच्या आत कुणी जायचं नाही.

समोर हजारो. त्यांचा आवाज
(इथं चाचा थांबतात, नुसता हात हलवतात).
वाळूत सील लोळत पडलेले, गोणपाटासारखे,
मधूनच एखादा ढेकर.
डोक्यावरून एक पक्षी गेला, पंख न हलवता;
माझ्या खोलीत तिरका ठेवावा लागला असता.
आणि एक पेंग्विन, त्याला कायदा कोण सांगणार,
चालत आला, बुटाशी थांबला,
लेस ओढली, सोडली.
चाचा मागे सरकले, मोजून पाच.
तो पुन्हा आला.
मग भोंगा झाला.

हे ते नव्हेत, म्हणतात. हे गरम किनाऱ्याचे, बारके.
ते कमरेला लागायचे.

मग येता कशाला, चाचा?

चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
तुझी काच बरी असते, म्हणाले.

काल शिट्टी झाली, हॉल रिकामा झाला.
मी फडकं वरून खाली ओढत होते
आणि पलीकडे पाण्यात एक जण
फडक्यामागे फिरू लागला, वर, खाली, परत वर.
हे रोजचंच.
काल मात्र फडकं बादलीत टाकलं
आणि पावलं मोजत मागे गेले, खांबापर्यंत.
माझी सात भरली.

तो काचेशी तसाच थांबलेला.
बादलीतलं पाणी अजून हलत होतं.